विभागाचं संशोधन संमेलन: भाषणं आवरा, पोस्टरसमोर वेळ द्या

जीवशास्त्राच्या विभागाचं, बाहेरगावच्या कॉलेजांतल्या विद्यार्थ्यांनाही बोलावून संशोधन संमेलन भरवायचं, तर आधी तारीख. २८ फेब्रुवारीचा, राष्ट्रीय विज्ञान दिनाचा, मोह टाळा. त्या दिवशी बहुतेक कॉलेजांत काही ना काही कार्यक्रम असतो, त्यामुळे परीक्षक मिळत नाहीत आणि बाहेरगावच्या प्राध्यापकांना आपलं कॉलेज सोडून निघता येत नाही. जानेवारीचा तिसरा आठवडा बरा. १४ जानेवारीला बहुधा संक्रांत असते आणि मराठवाडा विद्यापीठाचा नामविस्तार दिनही; त्या दिवशी छत्रपती संभाजीनगरात विद्यापीठ परिसरात मोठी गर्दी होते, म्हणून त्याच्या आसपासचे दिवस सोडा. लांबलेल्या सेमिस्टर परीक्षांचं वेळापत्रक तपासून घ्या आणि मगच परिपत्रक काढा. दहा आठवडे हातात असावेत.

वेळ ठरवताना एसटी डोळ्यासमोर ठेवा. उमरग्याहून संभाजीनगरला किंवा निलंग्याहून नांदेडला येणाऱ्या मुली संध्याकाळी सहाला सुटल्या तर घरी कधी पोहोचणार? सकाळी साडेदहा ते दुपारी चार, त्यापुढे नाही. लांबच्यांसाठी आदल्या रात्री वसतिगृहात सोय करा आणि तसं परिपत्रकातच लिहा. तोंडी निरोप प्राचार्यांच्या टेबलावरून पुढे सरकत नाही.

उद्घाटन वीस मिनिटांत आटपायचं. दीपप्रज्वलन, विभागप्रमुखांचं प्रास्ताविक, पाहुण्यांची पाच मिनिटं, झालं. शाल-श्रीफळ एकाच पाहुण्याला, बाकीच्यांना रोप. मंचावर चारपेक्षा जास्त खुर्च्या मांडल्या की प्रत्येक खुर्ची ‘दोन शब्द’ बोलते आणि तो वेळ पोस्टरच्या वाट्यातून जातो. आभार मानणाऱ्याला आधीच सांगा, नावं वाचायची ती शेवटी आणि एकदाच.

संमेलनाचा गाभा पोस्टर, म्हणजे विद्यार्थ्यानं आपलं संशोधन मांडलेला मोठा छापील फलक. सारांश २०० शब्दांत मागवा: प्रश्न काय, कसं पाहिलं, काय सापडलं. मुदतीत निम्मेच येतात, म्हणून जाहीर मुदत खऱ्या मुदतीच्या आठ दिवस आधीची ठेवा. पोस्टरचा आकार एकच सांगा, ३ फूट रुंद आणि ४ फूट उंच. ‘साधारण’ म्हणालात की कोणी आडवा आणतो आणि दोन बोर्ड अडवतो. शीर्षक ८० पॉइंट, मजकूर २८ पॉइंटच्या खाली नको, एकूण ४०० शब्द पुरेत. सूक्ष्मदर्शकातल्या चित्रावर मोजपट्टी हवीच. नुसतं ‘४०X’ लिहिलं तर चित्र मोठं करून छापल्यावर त्या आकड्याला अर्थ राहत नाही.

फ्लेक्सच्या दुकानात घोटाळा होतो तो फाँटचा. दुकानदार फाइल कोरलड्रॉ या सॉफ्टवेअरमध्ये उघडतो, त्याच्याकडे तो फाँट नसतो आणि ‘क्ष’, ‘र्‍ह’, ‘द्ध’ फुटतात. मजकुराचे कर्व्ह (अक्षरांचं चित्र, म्हणजे फाँट लागत नाही) करूनच फाइल द्या, छापण्याआधी स्क्रीनवर एकदा वाचा. निवडणूक किंवा मोठी जयंती जवळ असेल तर तुमचा नंबर शेवटी लागतो. चार दिवस आधी टाका. वर-खाली पट्टी लावून घ्या, नाहीतर व्हरांड्यातल्या वाऱ्यानं पोस्टर गुंडाळतं. चकचकीत फ्लेक्सवर ट्यूबलाइट थेट पडली की समोरून काही वाचता येत नाही, तेव्हा बोर्ड दिव्याच्या बरोबर समोर लावू नका.

बोर्डांमध्ये किमान सहा फूट वाट सोडा. पोस्टरना क्रमांक द्या: पहिला तास विषम क्रमांकवाले उभे, दुसरा तास सम. सगळे एकाच वेळी आपापल्या पोस्टरजवळ उभे राहिले तर दुसऱ्याचं कोणी बघतच नाही, आणि हे संमेलन त्यासाठीच असतं. परीक्षकांची जोडी करा, एका जोडीला बारा पोस्टर, प्रत्येकी सहा मिनिटं. सव्वा तास जातो. स्वतःचा विद्यार्थी कोणाच्याही वाट्याला जाऊ देऊ नका. पहिली दोन पोस्टर सगळ्या जोड्यांनी मिळून तपासावीत, नाहीतर एकाचे ६० म्हणजे दुसऱ्याचे ८० होतात.

तोंडी सादरीकरणं सहाच ठेवा. आठ मिनिटं बोलणं, तीन मिनिटं प्रश्न, घंटा वाजली की थांबणं. फाइली आदल्या संध्याकाळी एकाच लॅपटॉपवर घ्या आणि उघडून बघा. जुन्या श्रीलिपी किंवा कृतिदेव फाँटमधलं मराठी, तो फाँट नसलेल्या यंत्रावर, इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचं कडबोळं होतं. युनिकोड किंवा पीडीएफच मागा. वीज गेली तर लॅपटॉप चालतो, प्रोजेक्टर आणि माइक नाही. जनरेटर नसेल तर स्लाइडच्या छापील प्रती जवळ असू द्या.

जिवंत साप, कासव, घुबड ‘आकर्षण’ म्हणून मांडायचं नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे आणि संमेलनासाठी त्यात सवलत नाही. फॉर्मॅलिनमधले नमुने जेवणाच्या हॉलपासून लांब, झाकण घट्ट. त्याऐवजी जवळचं मांडा: गुलाबी बोंडअळीनं पोखरलेली बोंडं चिरून, मर लागलेल्या तुरीचं उभं कापलेलं खोड, लाल कंधारी आणि देवणी जनावरांचे फोटो. गावाकडून आलेली मुलं यावर बोलायला लागतात, तेव्हा त्यांना इंग्रजीची भीती राहत नाही.

‘अडलं कुठं?’ हे अर्ध्या तासाचं सत्र मात्र चुकवू नका. प्रत्येकाला तीन मिनिटं, स्लाइड नाही. पीसीआरला (डीएनएच्या प्रती काढायची पद्धत) पट्टा दिसत नाही, वाढीच्या माध्यमावर बुरशी येते, टाकीतले मासे तिसऱ्या दिवशी मरतात. सुरुवात एखाद्या प्राध्यापकानं स्वतःच्या फसलेल्या प्रयोगानं करावी. विद्यार्थी आधी तोंड उघडत नाहीत. प्रयोगशाळा परिचरांनाही बसवा. मासे मरण्याचं कारण अनेकदा त्यांना माहीत असतं: नळाच्या पाण्यातलं क्लोरीन.

जेवण. दीडशे माणसांना माणशी दोन धरून तीनशे भाकरी, म्हणजे सुमारे ३० किलो ज्वारीचं पीठ. बचत गटाला आठवडाभर आधी सांगा. भाकऱ्या त्याच सकाळच्या, सुती कापडात. पिठलं, ठेचा, वरण-भात पुरे. शंभर कप चहाला पाच लिटर दूध, चार लिटर पाणी, एक किलो साखर, २०० ग्रॅम पत्ती. बॅजवर पाच रंगांचे ठिपके लावा आणि रंगानुसार बसवा, नाहीतर प्रत्येक कॉलेज आपलंच कोंडाळं करतं.

दुसऱ्या दिवशी थोड्या लोकांसाठी हुरडा ठेवलात तर उत्तम. ज्वारी तेव्हा हुरड्यावर असते. शेत आधी बघून या, कारण दाणा चिकात असेल तर भाजला जात नाही आणि कडक झाला असेल तर चोळून सुटत नाही. गुळभेंडी किंवा सुरती वाण, शेणाच्या गोवऱ्यांची आगटी, माणशी पाव किलो. संभाजीनगरहून पैठण जवळ आहे; तिथल्या नाथसागर जलाशयावर पक्षी बघायला जायचं तर पहाटेच, वनविभागाची परवानगी काढून.

दाराजवळ एक मोठा कागद लावा, दोन रकाने: ‘आमच्याकडे आहे’ आणि ‘आम्हाला पाहिजे’. कोणाकडे स्पेक्ट्रोफोटोमीटर (द्रावण किती प्रकाश शोषतं ते मोजणारं यंत्र) पडून असतो, कोणाला गोदावरीतले मासे ओळखणारा माणूस हवा असतो, कोणाला संख्याशास्त्र शिकवणारा. त्यावर नाव आणि मोबाइल लिहून घ्या. मात्र तो कागद संमेलनानंतर मंडपवाला उतरवण्याआधी तुम्ही उतरवा, आणि आठ दिवसांत एकानं बसून प्रत्येक जोडीला फोन लावा. हे काम ‘समिती’कडे नाही, नाव घेऊन एका माणसाकडे.