पाकीट उलटं करून वाचा: दूध-अंड्याशिवायच्या बनाना ब्रेडची तयारी

येत्या रविवारी भाची पुन्हा येतेय. ती आता पक्की व्हीगन आहे, म्हणजे दूध, अंडं, मध, प्राण्यांपासून आलेलं काहीच खात नाही. मागच्या वेळी तिच्यासाठी म्हणून चॉकलेट चिप्स घातलेला बनाना ब्रेड केला. तिने तुकडा हातात घेतला, वास घेतला, "मावशी, कसला भारी फुललाय गं!" म्हणाली, आणि मग सहज विचारलं, "चिप्स कुठले घातलेस?" मी म्हटलं, "डार्क आहेत, खा निवांत." तिने पाकीट मागितलं. पाकीट कचऱ्याच्या डब्यात, सकाळच्या चहाच्या चोथ्याखाली. ते काढलं, नळाखाली धरलं, चष्मा लावला. साखर, वनस्पती तेल, कोको पावडर, मिल्क सॉलिड्स. चौथ्या नंबरला! अंडं नाही, लोणी नाही, दूध सोयाबीनचं, टिनला तुपाचं बोटसुद्धा लावलं नव्हतं, आणि या एवढ्याशा चिप्समधून गाईचं दूध आत शिरलं. पोरगी काही बोलली नाही. चहा तिचा बिनदुधाचाच असतो, तो घेतला, चिवडा खाल्ला आणि गेली. ब्रेड आम्ही दोघं चार दिवस नाश्त्याला खात होतो, आणि रोज एक टोमणाही.

म्हणून या वेळी तयारी लिहूनच काढतेय. पहिलं काम चिप्सचं पाकीट वाचणं. मधलं कामही तेच. शेवटी परत एकदा.

केळी पाच दिवस आधी आणा. ज्या दिवशी करायचंय त्या दिवशी बाजारात जाऊन "चांगली पिकलेली द्या" म्हटलं की केळीवाला पिवळीधमक, टणक केळी काढून देतो. त्याचं चुकत नाही, ती खायला उत्तम असतात, ब्रेडला निकामी. आपल्याला हवीत ती घरातल्या इतरांनी नाक मुरडलेली: सालीवर काळे ठिपके, देठाशी मऊ, स्वयंपाकघरात शिरल्याबरोबर वास येणारी. केळ्यातला पिठूळ भाग पिकता पिकता साखर होत जातो, म्हणून अशी केळी असली की वरून साखर कमी लागते, आणि काट्याने दोन मिनिटांत शिकरणीसारखी कुस्करली जातात. अंड्याचं मिश्रण बांधून धरण्याचं कामही इथे बरंचसं हाच लगदा करतो. टणक केळ्याच्या फोडी तशाच राहतात आणि कापल्यावर पांढरट ठिगळं दिसतात. बाजारात मिळतात ती लांब केळी बहुतेक जी-नाइन जातीची, रावेर-यावलकडची असली तर उत्तमच. मोठी तीन सोलली की 350 ग्रॅमच्या आसपास भरतात. वेलची केळी चालतील, पण मोजून नको, वजन करून घ्या, नाहीतर सात घालायची की नऊ यावर घरात परिसंवाद होतो. राजेळी नको. ती वसईवाल्यांना सुकेळी करायला राहू द्या.

पिकत नसतील तर आढी घालायची, आंब्याची घालतो तशीच: कागदी पिशवीत सफरचंदाशेजारी किंवा पिकलेल्या टोमॅटोशेजारी ठेवा, तोंड दुमडून. कच्ची केळी फ्रिजमध्ये मात्र टाकू नका. साल काळी होते, आपण खूश होतो, आत सगळं तस्संच. सत्यनारायणाची केळी उरली असतील तर तीच उत्तम. सोलून डब्यात घालून फ्रीझरला टाका. वापरायच्या वेळी जे पाणी सुटतं ते ओतून देऊ नका, सगळी गोडी त्यातच असते.

आता चिप्स. हे दोन-तीन दिवस आधी, दिवसाउजेडी, चष्मा लावून. पाकिटावर पुढे 'डार्क' लिहिलंय याचा अर्थ रंग काळपट आहे आणि कोको जरा जास्त आहे, इतकाच. दूध नाही असा नाही. आणि तो हिरवा ठिपका! मी त्याच ठिपक्यावर विसंबले होते. हिरवा ठिपका म्हणजे शाकाहारी, आणि आपल्याकडे दूध शाकाहारीच धरतात. श्रीखंडावरही हिरवा ठिपकाच असतो. व्हीगन पदार्थांसाठी एफएसएसएआयची, म्हणजे अन्नसुरक्षेच्या सरकारी संस्थेची, वेगळी खूण आहे, हिरव्या रंगातलं इंग्रजी व्ही अक्षर आणि त्यावर पालवी. नियम 2022 मध्ये आले. ती खूण दिसली तर प्रश्न मिटला. नाही दिसली तरी चिप्स व्हीगन असू शकतात, पण मग मागची यादी वाचायची. अख्खी. बारीक अक्षर आहे म्हणून सोडायची नाही. मोबाइलने फोटो काढा आणि मोठा करून बघा.

काय शोधायचं? दुधापासून आलेल्या गोष्टींची नावं: मिल्क सॉलिड्स, मिल्क फॅट, बटर ऑइल, व्हे पावडर, लॅक्टोज, केसीन. यातलं एक जरी दिसलं तरी पाकीट परत फळीवर. यादीच्या खाली बहुधा ठळक अक्षरांत 'कंटेन्स' अशी ओळ असते, तिथे मिल्क हा शब्द आला की पुढे वाचायचीही गरज नाही. कोको बटर वाचून दचकू नका, ते कोकोच्या बियांतलंच स्निग्ध, त्याचा म्हशीशी काही संबंध नाही. सोया लेसिथिनही चालतं, ते सोयाबीनचं. 'मे कंटेन' म्हणून दूध लिहिलं असेल तर अर्थ असा की त्याच कारखान्यात, कदाचित त्याच यंत्रावर, दुधाचाही माल होतो. व्हीगन माणसांपैकी काहींना हे चालतं, काहींना नाही, तेव्हा विचारा. पण ज्याच्यासाठी करताय त्याला दुधाची ॲलर्जी असेल तर विचारत बसू नका, ते पाकीट घ्यायचंच नाही.

केकच्या साहित्याच्या दुकानात चिप्स सुट्टे मिळतात, साध्या प्लॅस्टिकच्या पिशवीत पाव किलो बांधून. स्वस्त पडतात. घेऊ नका. ज्यावर यादीच नाही ते वाचणार काय? दुकानदार "ताई, शंभर टक्के प्युअर व्हेज" म्हणतो, आणि तो खोटं बोलत नसतो, वर सांगितलं तेच. मी आता 70 टक्के कोकोची वडी आणते आणि सुरीने ओबडधोबड तोडते. मोठे तुकडे वितळून खिसे होतात ते चिप्सपेक्षा जास्त आवडले. पण 70 टक्केवालीतही कधी मिल्क फॅट असतं. म्हणजे वडीही उलटी करा. वाचा.

पाकीट कापून चिप्स छान काचेच्या बरणीत ओतायची सवय असेल तर ती या आठवड्यापुरती बंद. चिप्स पाकिटातच राहू देत, वर चिमटा लावून. उन्हाळ्यात घरी येईपर्यंत वितळून गोळा झाला असेल तर फ्रिजमध्ये घट्ट करा आणि तोडा. वर पांढुरकं आलं असेल तर ती बुरशी नसते, चरबी वर आलेली असते.

बाकी सामान पटापट. मैदा 250 ग्रॅम, किंवा अर्धा मैदा अर्धी कणीक; कणीक जास्त असेल तर सोयाबीनचं दूध दोन चमचे वाढवा. साखर 120 ग्रॅम. गूळ घालायचा तर बारीक चिरून, खडे राहिले तर तिथे चिकट डाग पडतात. मध नको, व्हीगनला तोही चालत नाही. तेल 80 मिली, बिनवासाचं. घाण्याचं शेंगदाण्याचं तेल मी एकदा घातलं होतं, ब्रेडला चटणीचा वास. सोयाबीनचं किंवा ओटचं दूध 60 मिली. त्याचंही खोकं वाचा, हो, तेही. नारळाचं घट्ट दूधही चालतं. व्हिनेगर एक मोठा चमचा. खायचा सोडा एक छोटा चमचा सपाट, मीठ अर्धा, दालचिनी असेल तर अर्धा. चिप्स 120 ग्रॅम, वाचलेले. जवस घालतात काही जण, अंड्याच्या बदली, एक चमचा पूड तीन चमचे पाण्यात भिजवून. केळी नीट पिकलेली असतील तर मला त्याची गरज वाटली नाही. घातलंत तर साधं जवस दळून घाला, डब्यातली जवसाची चटणी नव्हे. हसू नका, डबे सारखे दिसतात.

वजनकाटा नसेल तर मापाचे कप आणा. चहाचा कप हे माप नाही, प्रत्येक घरात त्याचा आकार वेगळा.

सोडा आदल्या दिवशी तपासा: चमचाभर व्हिनेगरवर चिमूटभर टाका, सणसणून फेस आला पाहिजे. नुसतेच दोन बुडबुडे आले तर नवीन पाकीट, दहा-वीस रुपयांसाठी ब्रेडची वीट करू नका. आणि "जरा जास्त घालते, जास्त फुगेल" हा विचार मनात येतो तो झटकून टाका. जास्त सोड्याने साबणासारखी चव येते. सोडा जागा होतो तो आंबटपणाने. केळं थोडं आंबट असतंच, बाकी काम व्हिनेगरचं. सोयाबीनच्या दुधात व्हिनेगर घालून पाच मिनिटं ठेवलं की ते फाटल्यासारखं दिसतं. तसंच हवंय, ओतून देऊ नका.

टिन 9 बाय 5 इंचांचा. लहान असला तर मिश्रण काठोकाठ भरू नका, दोन तृतीयांशच, उरलं तर दोन वाट्यांत भाजा. आत बटर पेपर. नावातच बटर आहे, अंगात नाही, काळजी नको. कागदाची दोन टोकं बाहेर राहू द्या, उचलायला कामी येतात. टिनला तेल लावा. तेल. हात सवयीने तुपाच्या बरणीकडे जातो, माझाही जातो, म्हणून त्या दिवशी तुपाची बरणी वरच्या फळीवर ठेवा, जिथे स्टूल घेतल्याशिवाय पोचता येत नाही.

वीज बघा. आमच्याकडे गुरुवारी दुरुस्तीच्या नावाखाली वीज जाते, इन्व्हर्टरवर ओटीजी, म्हणजे विजेचा छोटा ओव्हन, चालत नाही, आणि अर्धा भाजलेला ब्रेड बसला की परत उठत नाही. ओटीजी नसेल तर कुकर: शिटी आणि रबर काढायचं, तळाला मिठाचा थर, त्यावर जाळी, दहा मिनिटं झाकून तापवायचा, मग मंद आच. जमतं, वर रंग मात्र फिका येतो.

करायच्या दिवशी आधी ओटीजी 180 अंशांवर लावा, दोन्ही कॉइल चालू, 15 मिनिटं. मिश्रण कालवून मग ओव्हनची वाट बघत बसायचं नाही. सोडा कालवल्याक्षणी कामाला लागतो, आणि टिन ओट्यावर उभा राहिला तर त्याचा जोर तिथेच संपतो. कोरडं चाळून घ्या, सोड्याची एक गुठळी राहिली तरी ती नेमकी पाहुण्याच्याच घासात येते. केळी कुस्करा, त्यात साखर, तेल, ते फाटलेलं दूध. मग चिप्स घ्या हातात. थांबा. पाकीट उलटं करा. वाचलंय ना? परत वाचा. घरात दुसऱ्या कुणी मधेच संपवून तसलंच दिसणारं दुसरं पाकीट आणून ठेवलेलं असू शकतं. आमच्या घरात हे काम कोण करतं ते सांगत नाही.

कोरडं ओल्यात घाला, उलथण्याने पंधरा-वीस वेळा फिरवा, पीठ दिसेनासं झालं की हात आवरा. घोटलं की चिवट होतं. चिप्स शेवटी, मूठभर वरून पेरायला ठेवा. चिप्स आधी मैद्यात घोळवा म्हणतात, तळाला बसू नयेत म्हणून. हे मिश्रण घट्ट असतं, नाही घोळवले तरी चालतं.

मधल्या जाळीवर 50 ते 55 मिनिटं. 35 मिनिटांनी वरून काळं पडायला लागलं तर फॉइल झाका. विणायची सुई मधोमध खुपसून बघा. तपकिरी लागलं तर ते वितळलेलं चॉकलेट असेल, दुसरीकडे खुपसा. ओलं पीठ लागलं तर आणखी पाच-सात मिनिटं. बाहेर काढा, दहा मिनिटं टिनमध्ये, मग जाळीवर. गार झाल्यावर कापा. गरम कापलात तर चुरा, मग मला सांगू नका. उरला तर दोन दिवस बाहेर, नंतर फ्रिज.

पाकीट फेकू नका. माझं या वेळचं फ्रिजच्या दारावर चुंबकाखाली लावलंय, यादीची बाजू बाहेर करून, आणि त्यातल्या सातही शब्दांखाली पेनाने रेघ मारलीय. केळी पिशवीत आहेत, ठिपके कालपासून दिसायला लागलेत.