‘अ ब्रिज टू फार’ बघायला बसण्याआधी सुतळी आणि चार काडेपेट्या घ्या

दुसऱ्या महायुद्धावरचा हा 1977 चा चित्रपट पहिल्यांदा पाहिला तेव्हा तासाभरात माझा गोंधळ उडाला. जवळपास तीन तासांचा पसारा, ओळखीचे चेहरे ढीगभर, आणि हा पूल मघाचाच की दुसरा तेच कळेना. आता कुणाला दाखवायचा असला की मी आधी जमिनीवर मांडामांड करते.

सुतळी सरळ पसरा. हा रस्ता. खालचं टोक बेल्जियमची सीमा, वरचं हॉलंडमधलं आर्नेम, मध्ये सुमारे 100 किलोमीटर. खालून वर काडेपेट्या ठेवत जा: सोन, ग्रेव्ह, नाइमेखन, आर्नेम. हे पूल. खालच्या टोकाला राजम्याचा दाणा, म्हणजे ब्रिटिश रणगाडे. 17 सप्टेंबर 1944 ला छत्रीसैनिकांनी वरून उतरून पूल धरायचे आणि रणगाड्यांनी या एकाच रस्त्याने दोन-तीन दिवसांत आर्नेम गाठायचं, ही ब्रिटिश सेनापती माँटगोमेरीची योजना.

आता चित्रपट लावा आणि रणगाडे सरकले तरच दाणा सरकवा. सोनचा पूल जर्मन उडवतात. तिथे काडेपेटी आडवी पाडा. नवा पूल बांधून होईपर्यंत अख्खी रात्र जाते. नाइमेखनला मात्र चित्रपट थांबवू नका. भर दिवसा, कापडी होड्यांतून, बंदुकीच्या दस्त्यांनी वल्हवत माणसं नदी ओलांडतात आणि रॉबर्ट रेडफर्ड प्रत्येक हेलकाव्याला प्रार्थना म्हणतो. पूल मिळतो, आणि रणगाडे पलीकडे जाऊन थांबतात. नववीतल्या माझ्या भाच्याने तिथे दाणा मुठीत घट्ट धरला. “मावशी, आता का थांबले? पुढचाच तर पूल!”

त्या पुढच्या पुलाच्या उत्तर टोकाला कर्नल फ्रॉस्टची (अँथनी हॉपकिन्स) सुमारे 740 माणसं अडकलेली. उतरवलं पुलापासून बारा-तेरा किलोमीटर लांब, वायरलेस चालेना, समोर एसएसचे, म्हणजे नाझींच्या खास सैन्याचे, रणगाडे. पूल 48 तास धरायचा होता, त्यांनी 21 तारखेच्या सकाळपर्यंत धरला. आर्नेमच्याच लढाईत एक शिपाई विमानातून पडलेली पेटी आणायला उघड्यावर धावतो. ती उचलून परत येताना त्याला गोळी लागते. पेटी फुटते आणि आतून लाल टोप्या सांडतात. नुसत्या टोप्या. मला तो प्रसंग अजून सहन होत नाही.

बांगलादेश युद्धात 11 डिसेंबर 1971 ला तिथल्या टांगाइलजवळचा पुंगली पूल आपल्या 2 पॅरा या छत्रीसैनिकांच्या, मूळच्या मराठा, पलटणीने असाच वरून उतरून घेतला. तिथे रस्त्याने निघालेली मराठा लाइट इन्फन्ट्री येऊन मिळाली. आर्नेमच्या पुलावर मात्र रणगाडे पोचलेच नाहीत. उतरलेल्या सुमारे 10,000 पैकी 2,400 च्या आसपास ऱ्हाइन नदी ओलांडून परतले.

सुतळी लगेच गुंडाळू नका. शेवटी एक डच कुटुंब गाडा ओढत घर सोडून निघतं. मागे रेंगाळलेल्या मुलाने काठी बंदुकीसारखी खांद्यावर घेतलेली असते. ते बघूनच उठा.