हेसेस विवरणपत्र : जानेवारीचे विद्यार्थी दोनदा मोजले जातात तेव्हा
इंग्लंडमधल्या विद्यापीठाच्या हेसेस विवरणपत्रात (उच्च शिक्षणाच्या नियामकाला दरवर्षी द्यायच्या विद्यार्थीसंख्येच्या तक्त्यात) पहिल्या स्तंभाचा, म्हणजे १ डिसेंबरपर्यंत सुरू झालेल्या अभ्यासवर्षांचा, आकडा उगाच फुगला, तर आधी जानेवारीत प्रवेश घेतलेले विद्यार्थी तपासा. १ डिसेंबरला पटावर नाव दिसतं म्हणून विद्यार्थ्यांच्या डेटाबेसवर चालवलेली क्वेरी त्यांना उचलते. पण त्यांचं जानेवारीत सुरू झालेलं चालू अभ्यासवर्ष गेल्या विवरणपत्राच्या दुसऱ्या स्तंभात, अंदाज म्हणून, आधीच मोजलेलं असतं.

मी पटाची अट काढून अभ्यासवर्ष सुरू झाल्याची तारीख लावली: १ ऑगस्ट ते १ डिसेंबर पहिला स्तंभ, २ डिसेंबर ते ३१ जुलै दुसरा. जादा नावं गळली.

तिसऱ्या स्तंभातली अपूर्णांची (वर्ष पूर्ण न करणाऱ्यांची) वजाबाकी मात्र हातानेच पाहावी. वर्षभर हजर राहिलेल्याने एका मोड्यूलची शेवटची परीक्षा अभ्यासवर्ष सुरू झाल्यापासून १३ महिन्यांत दिली नाही, तरी तो अपूर्णच. (परीक्षा देऊन नापास झालेला चालतो!)