इंदूरला एकच रात्र हातात असेल तर

दुपारचं जेवण हलकं ठेवा. उजेड आहे तोवर राजवाड्याच्या आसपास माहेश्वरी साड्या बघून घ्या. काठ उलटून बघा, दोन्ही बाजूंनी सारखाच दिसतो.

मग सराफा. सोन्याचांदीची दुकानं बंद झाली की त्यांच्याच पायऱ्यांपुढे खाण्याच्या गाड्या लागतात, म्हणून साडेनऊच्या आधी जाऊ नका. आधी या टोकापासून त्या टोकापर्यंत नुसतं चालून या. मी आणि आई एकच प्लेट घेऊन वाटून खातो, म्हणजे दोन पदार्थ जास्त होतात. पहिला मान भुट्ट्याच्या कीसाला: दुधात शिजवलेला किसलेला मका, मऊसूत, वरून कोथिंबीर आणि लिंबू. थंडीत गेलात तर गराडू अजिबात सोडू नका, तळलेला कुरकुरीत कंद, त्यावर जिरावन मसाला. सकाळी निघताना वाफेवरचे पोहे, शेव आणि गरम जिलबी.