कांद्याच्या पेशी मुलांना स्वतः पाहू द्याव्यात, त्या कशा?

शाळेतील विज्ञानात सर्वांत जास्त काय आवडले, असे विचारल्यावर अनेकांना सूक्ष्मदर्शीखाली पहिल्यांदा दिसलेल्या कांद्याच्या पेशी आठवतात. ज्यांना त्या आठवत नाहीत, त्यांच्या वाट्याला बहुधा शिक्षकांनी आधीच जुळवून ठेवलेल्या भिंगातून रांगेने येऊन क्षणभर डोकावणेच आलेले असते. म्हणून पापुद्रा सोलण्यापासून भिंग जुळवण्यापर्यंतचे प्रत्येक काम मुलांच्याच हाती द्यावे; वेळ जास्त लागला तरी हरकत नाही.

नाशिकमध्ये कांद्याची चिंता करण्याचे कारण नाही. तरीही निवड करता आली तर गडद रंगाचा लाल कांदा घ्यावा, कारण प्रयोगाचा उत्तरार्ध त्याच्यावर अधिक खुलतो. चाळीत साठवलेला उन्हाळ कांदा पहिल्या भागासाठी उत्तम चालतो. कांद्याचे चार भाग करून आतील एक मांसल पाकळी वेगळी काढावी, ती मोडावी आणि तिच्या आतल्या, म्हणजे खोलगट बाजूचा पारदर्शक पापुद्रा चिमट्याने अलगद ओढावा. नखाएवढा तुकडा पुरेसा होतो. कापताना डोळ्यांत पाणी येते तेही पेशींमुळेच: पेशीत एरवी वेगवेगळे राहणारे विकर आणि गंधकयुक्त पदार्थ पेशी फुटल्यावर एकत्र येतात व त्यातून झोंबणारा वायू तयार होतो.

काचपट्टीवर पाण्याचा थेंब ठेवून त्यात पापुद्रा सुरकुती न पडू देता पसरावा आणि वर आयोडीनच्या द्रावणाचा एक थेंब टाकावा. कव्हर स्लिप, म्हणजे झाकायची पातळ काच, एका कडेने टेकवून सुईच्या आधाराने हळूहळू खाली सोडावी, नाहीतर आत हवेचे बुडबुडे अडकतात. जाड काळ्या कडेचे हे गोल बुडबुडे पाहून ‘पेशी दिसली’ असा जल्लोष हमखास होतो; तो लगेच मोडू नये, खऱ्या पेशी दिसल्या की मुले स्वतःच हसतात. जादा पाणी टीपकागदाने टिपावे.

प्रथम सर्वांत कमी शक्तीचे भिंग लावावे. बाजूने पाहत ते काचपट्टीच्या जवळ आणावे आणि मग नेत्रिकेतून, म्हणजे डोळ्याकडच्या भिंगातून, पाहत दूर न्यावे. उलट केल्यास काच फुटण्याची भीती असते. दहापट नेत्रिका आणि दहापट वस्तुभिंग (काचपट्टीकडचे भिंग) मिळून शंभरपट विवर्धन होते आणि विटांच्या बांधकामासारखी रचना स्पष्ट दिसते. प्रत्येक पेशीत पिवळसर तपकिरी केंद्रक शोधण्यास सांगावे. आयोडीनमुळे निळा-काळा रंग येईल अशी अपेक्षा असलेली मुले येथे गोंधळतात, आणि हा गोंधळ फार मोलाचा आहे: तो रंग स्टार्चमुळे येतो, आणि कांदा आपले अन्न स्टार्चऐवजी शर्करेच्या रूपात साठवतो. शेजारी बटाट्याची पातळ चकती ठेवली की फरक लगेच कळतो. पुस्तकातील आकृती दाखवण्याआधी मुलांना दिसेल तसे चित्र काढू द्यावे. रॉबर्ट हूक यांनी 1665 मध्ये बुचाच्या कापातील कप्पे पाहून असेच चित्र काढले होते. केंद्रकाला नाव मात्र 1831 मध्ये रॉबर्ट ब्राऊन यांनी दिले.

उत्तरार्धासाठी लाल कांद्याच्या पाकळीच्या बाहेरच्या, जांभळट बाजूचा पापुद्रा घ्यावा आणि त्यावर आयोडीन अजिबात टाकू नये, कारण त्याने पेशी मरतात आणि मेलेल्या पेशींत पुढचा बदल घडत नाही. साध्या पाण्यातील जांभळ्या पेशी पाहून झाल्यावर अर्ध्या वाटी पाण्यात चमचाभर मीठ विरघळवून त्याचा थेंब कव्हर स्लिपच्या एका कडेला सोडावा आणि विरुद्ध कडेला टीपकागद लावावा. पाणी ओढले जाते, मिठाचे पाणी कव्हर स्लिपखाली शिरते आणि काही मिनिटांत जांभळा भाग पेशीभित्तिकेपासून सुटून आक्रसताना दिसतो. कोशिंबिरीत मीठ घातल्यावर कांद्याला पाणी सुटते, ते याच परासरणामुळे, म्हणजे पेशीतले पाणी पटलातून बाहेरच्या खारट पाण्याकडे ओढले गेल्यामुळे. त्याच पद्धतीने पुन्हा साधे पाणी सोडल्यास बऱ्याच पेशी परत फुगतात. माझ्या मते संपूर्ण तासातील सर्वांत रंजक भाग हाच आहे, आणि वेळेअभावी बहुतेक ठिकाणी नेमका हाच गाळला जातो.

बोटांवर आयोडीनचे डाग पडल्यास लिंबाचा रस चोळावा. त्यातील क जीवनसत्त्वामुळे रंग निघून जातो.