गोधडीचं कापड आधी धुवायचं का?
जुनं लुगडं, धोतर असेल तर ते आटायचं तेवढं कधीच आटलंय. फक्त स्वच्छ हवं. प्रश्न नव्या सुती कापडाचा. ते पहिल्या धुण्यात मीटरमागे साधारण ३ ते ५ सेंटिमीटर आटतं. जुन्याला नवं जोडून शिवलं, की पुढे नवा तुकडा आकसतो आणि टाक्यांभोवती चुण्या पडतात. म्हणून अखंड कापडच धुवा. कापलेल्या तुकड्यांच्या कडा उसवतात. लाल, मरून, गडद निळं वेगळं भिजवून पाणी निवळ येईपर्यंत खळबळा. मिठाने रंग पक्का होतो, यावर विसंबू नका. जळगाव-धुळ्याच्या मे महिन्यातल्या उन्हात रंग विटतो, सावलीत वाळवा. किंचित दमट असतानाच इस्त्री फिरवा. खळ निघाल्याने हातशिलाईची सुईही सहज जाते.