फ्लॅट किती मोठा घ्यावा? आधी जमिनीवर खडूने आखा

पर्वरी, ताळगाव किंवा मडगावात फ्लॅट बघायला जाल तेव्हा मोजपट्टी आणि खडू बरोबर न्या. सुपर बिल्टअपच्या आकड्यात जिना, लिफ्ट, लॉबीचा वाटाही असतो. तुम्ही विचारा फक्त कार्पेट एरिया, म्हणजे घराच्या आतली वापरायची जागा. २०१६च्या रेरा या स्थावर मालमत्ता कायद्याप्रमाणे त्यात आतल्या भिंती धरतात. बाहेरच्या भिंती आणि बाल्कनी नाही. गोव्यात क्षेत्रफळ चौरस मीटरमध्ये सांगतात, म्हणून चौरस फूट काढायला १०.७६ने गुणा: ७० चौरस मीटर म्हणजे सुमारे ७५३ चौरस फूट.

मग बेडरूममध्ये सहा बाय साडेसहा फुटांचा पलंग खडूने आखा. कपाटाचं दार उघडून माणूस पलीकडे जातो का, ते स्वतः चालून बघा.

चतुर्थीला पाहुणे येतील म्हणून तिसरी खोली घेऊ नका. माटोळी, म्हणजे गणपतीवर टांगायची फळाफुलांची चौकट, बहुतेकांची गावच्या घरीच बांधली जाते, सगळे तिकडेच जमतात. त्यापेक्षा छप्पर असलेली, हवा खेळणारी बाल्कनी बघा. आमच्याकडे ती नव्हती. पहिल्या पावसाळ्यात हॉलभर दोऱ्या बांधल्या, चादरी चार-चार दिवस दमट राहायच्या आणि सोफ्यामागच्या भिंतीला बुरशी धरली. दोन खोल्या आणि अशी बाल्कनी चौघांना खरंच पुरते.